पोरीचं माप

आमच्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचा एकच हट्ट असे: अंगाला टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लागणार नाही. "जुना शर्ट आणलाय, त्यावरून बेता," असं कोणी म्हटलं, तर शर्टाची घडी घालून तो परत देई. "शर्ट वाढत नाही हो, पोरगं वाढतं." सगळे त्याला मास्टर म्हणत.

त्याची मुलगी मी शिकवत होते त्या सहावीच्या वर्गात होती. जन्मापासून तिच्या हातांचे स्नायू आखडलेले. डोकं तल्लख, जीभ त्याहून. पण एक ओळ लिहायला इतरांच्या चौपट वेळ. त्या वर्षी तिला मदत कशी द्यायची, ते शाळेला ठरवायचं होतं. वाटा तीन होत्या. मागच्या इमारतीतला सहा मुलांचा वेगळा वर्ग. नाहीतर याच वर्गात दिवसभर शेजारी बसून लिहून देणारी मदतनीस. नाहीतर नुसता जादा वेळ आणि परीक्षेला लेखनिक. शुक्रवारी सही झाली की वर्षभर तेच.

मास्टरने दोन मिनिटांत मदतनीस निवडली. "बाई, कमी पडायला नको. कापड उरलं तर बिघडत नाही." मला पटलं. मी फॉर्म भरून ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी ब्लाउज आणायला दुकानात गेले. एकच खोली, दोन मशीन, आणि खिडकीशी काज-बटणं करत बसलेली त्याची थोरली बहीण, आक्का. मुलगी बाकावर गृहपाठ करत होती.

"हिचं ठरलं का बाई?" आक्काने विचारलं.

"ठरलं. उद्या सही."

"तिला विचारलंत?"

मशीन न थांबवता मास्टर म्हणाला, "तिला काय कळतंय, आक्का? अकरा वर्षांची तर आहे."

"लोकांच्या सहा महिन्यांच्या बाळाला उभं धरून माप घेतोस," आक्काने दातांनी दोरा तोडला, "आणि पोटच्या पोरीचं माप तिच्या पाठीमागे? शहाणाच आहेस!"

मशीन थांबलं. मी ओशाळले, विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

मास्टर मुलीसमोर उकिडवा बसला. टेप गळ्यात तसाच. "बोल."

"रागावणार नाहीस ना, बाबा? मागे ती मदतनीस ताई दोन आठवडे माझ्याशेजारी बसायची ना, तेव्हा माझ्याशी कोणी भांडलंसुद्धा नाही. सगळे तिलाच विचारायचे, हिला पाणी हवंय का? मला काय तोंड नाही?"

"आहे की, दोघींना पुरेल एवढं आहे," आक्का म्हणाली.

"गणिताला ताई नको, वेळ हवा. इतिहासाला हवी. तिथे लिहून लिहून हात दुखतो."

मास्टरने मापाची वही ओढली, कानामागची पेन्सिल काढली. छाती, कंबर, बाही लिहायच्या जागी तो गणित, इतिहास, विज्ञान लिहीत गेला.

दुसऱ्या दिवशी ती वही त्याने मुख्याध्यापिकांच्या टेबलावर उघडली.

"असं तुकड्यातुकड्यांनी नाही देता येत," त्या म्हणाल्या. "आणि मागे पडली तर? मग वेगळ्या वर्गाशिवाय इलाज नाही."

"मॅडम, वाढत्या अंगावर मी पहिल्याच दिवशी मशीन मारत नाही. कच्चे टाके घालतो, अंगात घालून बघतो, मग पक्की शिलाई. तुम्ही दोन महिने कच्चे टाके घाला. नाही बसलं तर उसवू. मग तुम्ही म्हणाल तिथे मी सही करीन."

त्यांनी वही बराच वेळ पाहिली. मग फॉर्मच्या तळाशी, जिथे रकाना नव्हता, तिथे लिहिलं: दोन महिन्यांनी पुन्हा पाहणे.

त्या दोन महिन्यांत मास्टर शाळेच्या दारात एकदाही आला नाही. पोरीचं पोरीला बघू दे, असं आक्काने बजावलं होतं म्हणे. मुलीचं गणित जादा वेळेत पुरं होऊ लागलं. विज्ञानालाही तिने नुसता वेळच मागितला होता, ते माप मात्र चुकलं. आकृत्या काही तिच्या हाताला येईनात. तिने आपणहून ताई मागितली, फक्त त्या तासापुरती. मुख्याध्यापिकांनी तसं लिहून वर्षाची सही घेतली. वेगळ्या वर्गाचं नाव निघालं नाही.

सही करून मास्टर निघाला, तेव्हा मी म्हटलं, "तक्रार आहे हं एक. काल पट्टीवरून शेजारणीशी कडाक्याचं भांडण केलंय तिने. दोघींनाही उभं केलं मी."

"भांडली?" तो थांबला. "आणि ती दुसरी? तीही भांडली?"

"चांगली तावातावाने."

एरवी सावकाश चालणारा तो माणूस आक्काला ही बातमी सांगायला जवळजवळ पळतच गेला.