हळू वाजणारी कॅसेट

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकट्यानं मला विचारलं, "आजी, मामा आजारी असताना तुम्ही त्याला भुतांची गाणी ऐकवत होता, हे खरं का?" मागून तुमच्या आईनं त्याला दटावलं. पण प्रश्न तिच्याही मनात असणार. ही बातमी तिला नांदेडच्या मोठ्या आजीकडून, म्हणजे माझ्या जाऊबाईंकडून कळली आहे. मामाच्या शेवटच्या दिवसांत त्या इथे हैदराबादला माझ्या सोबतीला होत्या. फोनवर मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला जड जात असेल तर आईकडून वाचून घ्या. तिनंही ऐकावं असं मला वाटतं.

गाणी भुतांची नव्हती, पण जाऊबाई अगदीच चुकल्या असंही मला म्हणवत नाही. तुमचा मामा कॉलेजात होता तेव्हा युरोपातल्या काही पोरांचा एक बँड होता. इतकं कर्कश आणि इतकं भरधाव तोपर्यंत कोणी वाजवलं नव्हतं, असं मामा सांगायचा. त्यांचा गायक गायचाच नाही. खोल विहिरीत पडलेल्या माणसानं ओरडावं तसा ओरडायचा. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून मामाचे मित्र मोठ्या आशेनं मला टेपजवळ बसवायचे. "आंटी, यहाँ क्या बोलरा उने?" मी कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "बेटा, ये इंग्लिश नहीं है, इसके पेट में दर्द है." ती पोरं हसायची आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायची.

तो बँड थोड्या वर्षांत मोडला. पुढे जगभर त्याच्यासारखे शेकडो निघाले म्हणे, त्याच्याहून मोठे आणि श्रीमंतही झाले. या पोरांना मात्र पहिलाच हवा होता. त्या वयात जडलेलं काही सुटतं, काही सुटत नाही. यांचं नाही सुटलं.

मित्र दोघं होते. एकाच्या वडिलांचं कोठी भागात चष्म्यांचं दुकान, आता ते हाच चालवतो. दुसरा तेलुगू, शांत, मोजकं बोलणारा. तो पुढे कॉम्प्युटरच्या कामात गेला. तेव्हा आम्ही सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या वर राहत होतो. खाली गिऱ्हाइकांचा गलका आणि वर यांचा. तुमचे आजोबा कानात कापसाचे बोळे घालून पेपर वाचायचे.

असल्या कॅसेटी दुकानात मिळत नसत. परदेशातल्या कुणा पत्रमित्रानं मुंबईच्या एकाला पाठवली, त्यानं कॉपी काढून दुसऱ्याला दिली, अशी हातोहात ती एका मुलाच्या पिशवीतून नामपल्ली स्टेशनवर उतरली आणि आमच्या घरी आली. ज्याच्याकडे कॅसेट येईल त्यानं कॉपी काढून पुढच्याला द्यायचीच, असा त्या पोरांमध्ये नेम होता. जो देणार नाही त्याच्याशी कोणी बोलत नसे. शहरात या बँडसाठी वेडी झालेली जी काही मुलं होती, ती सगळी आमच्या टेपवर काढलेल्या कॉप्याच ऐकत होती.

आणि ती कॅसेट हळू वाजायची. वाटेत कुणाच्या तरी मशीनमध्ये दोष होता, त्यामुळे मूळ गाण्यापेक्षा ती बरीच संथ आणि जड झाली होती. हे यांना ठाऊकच नव्हतं. मूळ ऐकलेलंच नाही, तर कळणार कसं? त्यांच्या लेखी तो बँड तसाच होता, माल भरलेल्या ट्रकसारखा, घाटात जोर करून चढणारा. ती गाणी त्यांनी त्याच वेगात शिकून घेतली आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाजवली. मुंबईहून आलेला कुणी मुलगा खालून ओरडला, "काय रे, तुमच्या नवाबी गावात ड्रमसुद्धा लोडाला टेकून वाजवतात का?" चष्मेवाला स्टेजवरून उडी मारून त्याच्या अंगावर गेला. मामानं त्याला मागून धरलं. घरी आल्यावर तिघंही त्या मुलाच्या अडाणीपणाला हसत होते.

काही वर्षांनी तीच गाणी सीडीवर आली. आबिड्स भागातल्या एका दुकानातून मामानं ती आणली. तोवर तिघं नोकरी-धंद्याला लागले होते. पुढच्या खोलीत मांडी घालून बसले. पहिलं गाणं सुरू झालं आणि तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

"ये कौन है रे?" चष्मेवाला म्हणाला. "इनके पीछे कुत्ते लगे क्या?"

"दुकानवाल्यानं दुसऱ्याच कुणाची भरून दिली," मामा म्हणाला.

तिघं तावातावानं दुकानात गेले. तिथे दुकानदारानं आपल्या मशीनवर सीडी लावली, दुसरी फोडून तीही लावली. सगळीकडे बँड तसाच पळत होता. सीडी न बदलताच परत आले. मामानं त्या दिवशी ताटावर बसून नुसता भात चिवडला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परत आले तर घरात पुन्हा जुनी कॅसेट वाजत होती. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "खरं ते असेल गं आई. आपलं हे आहे."

त्यानंतर हळू वाजणं हाच त्यांचा अभिमान झाला. टेपचे सेल जरा उतरून गाणं आणखी हळू झालं की पुढच्या खोलीतून आवाज यायचा, "नै नै, ये ज्यादा हुआ!" मीही इतकी वर्षं भिंतीआडून ते ऐकत आले होते. आवडलं कधीच नाही, पण पोळ्या लाटताना माझा हात त्या तालावर पडायचा.

आता मामाच्या आजाराचं. ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे फार लिहीत नाही. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दवाखान्यासारखी लोखंडी कॉट भाड्यानं आणली आणि खिडकीजवळ ठेवली. मी विचारलं, "काय करू तुझ्यासाठी? काय खावंसं वाटतंय?" मला वाटलं, आंबट वरण मागेल. तो म्हणाला, "ती कॅसेट ऐकायची आहे."

कॅसेट माझ्या कपाटात होती, कारण मी काही टाकत नाही. पण उघडली तर फितीवर पांढरी बुरशी धरलेली. चष्मेवाल्यानं कुठून तरी टेप मिळवून आणला. आपल्या दुकानातल्या बारीक चिमट्यानं, भिंग लावून, मऊ कापडानं तो दुपारभर फीत पुसत बसला. लावल्याबरोबर ती आत गुंतली आणि तुटली. ओढून काढताना हातातच तिचा चुरा झाला. पन्नाशी उलटलेला तो माणूस जमिनीवर बसून राहिला.

"दुसरी होगी किसी के पास," मामा म्हणाला. दोघा मित्रांनी जुन्या सगळ्यांना फोन केले. कुणी दुबईला, कुणी विशाखापट्टणमला. आठवण सगळ्यांना होती, कॅसेट कुणाकडेच नव्हती. घर बदलताना टाकली, बायकोनं भंगारात दिली, असंच जो तो सांगत होता.

मग कॉम्प्युटरवाला लॅपटॉप घेऊन आला. त्यानं मला समजावलं, की मूळ गाणी तर एक बटण दाबलं की इंटरनेटवर मिळतात. ती हवी तेवढी हळू करता येतात. प्रश्न एवढाच, की किती हळू? ते कुणी मोजून ठेवलं नव्हतं. आता ते फक्त तिघांच्या कानात होतं, आणि तिघांचे कान जुळेनात.

"इससे धीमा था," चष्मेवाला म्हणायचा.

"नहीं. इतना ही था," कॉम्प्युटरवाला.

"तेरे को क्या याद है? तू तो पीछे बैठको समोसे खाता था."

मामा हसला. हसताना त्याला कळ आली, तशी दोघं गप्प झाले. मग कॉम्प्युटरवाल्याला एक कल्पना सुचली. तो म्हणाला, "तू ताल दे. उँगली से बजा. मैं उसपे बिठाता." मामानं कॉटच्या लोखंडी दांड्यावर बोटानं ताल धरला. मित्रानं त्याप्रमाणे गाणं लावलं. मामानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "जवळ आलं. पण नाही अजून. थोडं हळू."

असं रोज दुपारी चालायचं. दोघं आपापली कामं टाकून यायचे. जाऊबाई नांदेडहून आल्या त्या याच दिवसांत. पहिल्याच दिवशी त्या दारात थबकल्या आणि मला आत ओढून म्हणाल्या, "अगं, जाणाऱ्या जिवाच्या कानात रामरक्षा घालायची सोडून ही भुतं कसली नाचवतेस?"

"वहिनी, सकाळी तुम्ही रामरक्षा म्हणा, दुपारी त्याचं राहू द्या," मी म्हटलं. तसंच झालं. सकाळी त्या म्हणायच्या तेव्हा मामा हात जोडून ऐकायचा, हेही तुमच्या आईला कळायला हवं. जाऊबाईंनी ते सांगितलं नसेल.

एका दुपारी कॉम्प्युटरवाला पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. 

"अम्मा," तो म्हणाला, "परसों उसने जो बोला, मैंने वैसा लगाया. कल बोला, और धीरे. आज और धीरे. कॅसेट इतनी धीमी कभी नहीं थी."

मी भांडं विसळत होते, ते तसंच हातात राहिलं. त्यानं पुढे सांगायची गरज नव्हती. बोट थकत चाललं होतं. आणि मामा त्या बोटालाच कॅसेट समजत होता.

तेवढ्यात चष्मेवालाही आत आला. कॉम्प्युटरवाला त्याला म्हणाला, "सही वाला लगाके एक बार सुना देंगे. पहचान लेगा."

"और नहीं पहचाना तो?" चष्मेवाला म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "उने जो बोलरा वोइच सही है. लगा ना यार. तेरा क्या जाता है?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या आहेत. बरोबर ते बरोबर, चूक ते चूक, असं मानत आले. कॅसेटचा खरा वेग साधारण कुठे होता हे मलाही कळत होतं, माझ्या हातांना ठाऊक होतं. पण त्या वेळी मी म्हटलं, "त्याच्या बोटाप्रमाणे लावा."

त्यांनी लावलं. गिरणीचा पट्टा बंद केल्यावर जातं फिरत फिरत थांबत जातं, तसा आवाज खोलीत भरला. गिटार कुठली आणि माणसाचा आवाज कुठला हे कळेना. दारात उभ्या असलेल्या जाऊबाई देवघराकडे निघून गेल्या. मामाचं बोट दांड्यावर पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. गाणं त्याच्याबरोबर चाललं होतं. त्याच्या कपाळावरची आठी मी कित्येक दिवसांनी सुटलेली बघितली.

"हेच," तो म्हणाला. मग मित्रांकडे वळून, "हौ ना? येइच था ना?"

आबिड्सच्या दुकानदाराशी जे भांडायला गेले होते, सेल जरा उतरले की जे ओरडायचे, ते दोघं कॉटच्या दोन बाजूंना उभे होते.

"हौ मियाँ," चष्मेवाला म्हणाला. "येइच."

कॉम्प्युटरवाल्यानं नुसती मान हलवली.  मामाला वाटलं, त्याला अजून पटलेलं नाही. "तू बोल ना रे," तो म्हणाला. तेव्हा तोही म्हणाला, "येइच था."

त्यानंतर मामानं गाणं मागितलं नाही. पुढचे काही दिवस तो बहुतेक झोपूनच होता, आणि एका सकाळी, जाऊबाईंची रामरक्षा चालू असताना, गेला. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही येईपर्यंत सगळं आटपलं होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी ते दोघं मला भेटायला आले. मी चहा ठेवायला आत गेले.  बाहेर कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि बघता बघता कडाक्याचं भांडण जुंपलं. कॅसेट खरोखर किती हळू होती, यावर. चष्मेवाला मांडीवर हात आपटून ताल दाखवत होता. कॉम्प्युटरवाला एरवी आवाज चढवत नाही, पण तोही ओरडत होता, "इतना नहीं था! तेरे को कुछ याद नहीं!" लॅपटॉप त्यांनी आणलाच नव्हता. नुसत्या आठवणीवर भांडत होते.

चहा उतू गेला तरी मी तशीच ऐकत उभी राहिले. पूर्वी त्यांचं भांडण असं टोकाला आलं की मामा आतल्या खोलीतून ओरडायचा, "दोघंही चूक!" मग तिघं हसायचे आणि कॅसेट पुन्हा लागायची.

बाहेर दोघं एकदम बोलायचे थांबले. मी गॅस बंद केला. आम्ही तिघंही वाट बघत होतो.