पाण्याच्या मधोमध बंद पडणारं मशीन

लग्न होऊन मी आले तेव्हा आमच्या घरी गाडी नव्हती, होडी होती. आमची वस्ती गंगापूर धरणाच्या फुगवट्यापलीकडे. रस्त्याने वळसा घालून नाशिकच्या फूलबाजारात पोचेपर्यंत निम्मा बाजार उरकलेला असायचा. म्हणून झेंडू-शेवंतीच्या पाट्या होडीतून पलीकडे न्यायच्या आणि तिथून टेम्पोत टाकायच्या. होडी पत्र्याची. तिच्या मागच्या फळीला अडकवायचं छोटं पेट्रोलचं मशीन आमच्या ह्यांनी आणि त्यांच्या चुलतभावाने देवळाली कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून मिळून आणलेलं. हे सातपूरला कंपनीत पाळीवर जायचे, त्यामुळे होडी भाऊजीच, म्हणजे तो चुलतभाऊच चालवायचे. मी पाट्या सांभाळत पुढे बसायची.

दसऱ्याच्या तोंडावर मशीन दगा द्यायला लागलं. काठावर झकास सुरू व्हायचं, दहा मिनिटं चालायचं, मग धापा टाकत बरोबर पाण्याच्या मधोमध बंद. भाऊजी टाकीचं झाकण उघडून आत डोकावायचे. "वहिनी, पेट्रोल तर हाय की," म्हणायचे, झाकण लावून दोरी ओढायचे आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू. पुढे काठापर्यंत कुरकुर नाही.

एक-दोनदा मला काही वाटलं नाही. पाचव्यांदा मात्र मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. बंद पडतं भाऊजींच्या हाती, सुरू होतं त्यांच्याच हाती. त्याच आठवड्यात जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, नळावर कुणालातरी म्हणाल्या होत्या, "होडी एकट्याची असती तर बरं झालं असतं." ते मी ऐकलं होतं. होडीला कंटाळून आम्ही आमचा हिस्सा सोडून द्यावा, म्हणून तर हे चाललं नाही ना?

मग मी पाळत ठेवायला लागले. भाऊजी पेट्रोल आणायचे, त्यात रॉकेल असेल असं वाटून ऑइल मिसळायच्या आधीच त्याचे दोन थेंब वर्तमानपत्रावर टाकून पाहिले. कागद वाळला, रॉकेलचा तेलकट डाग राहिला नाही. तरी समाधान होईना. त्यांना माझा संशय आला असेल आणि आजच चांगलं आणलं असेल, असं वाटलं. प्लग काढून घासला. मशीनच्या पाण्यातल्या पंख्यात शेवाळ अडकलंय का पाहिलं. जसजसं काही सापडेना, तसतसा माझा संशय वाढतच गेला.

शेवटी ह्यांनी सुट्टी काढली आणि आम्ही मशीन गंगापूर गावातल्या स्कूटरच्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने टाकी उघडून पेट्रोल पाहिलं, पाण्याच्या पिंपात मशीन लावलं आणि सुरू केलं. पाच मिनिटं ते शिवणयंत्रासारखं चाललं. "मशीनला काय झालंय? चालवणाऱ्याला विचारा," तो हसत म्हणाला. हे हसले. मी नाही. मिस्त्री आणि भाऊजी एका शाळेतले, हे मला तेवढ्यात आठवलं.

दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा बंद पडलं, तेव्हा मी बोलून गेले. "भाऊजी, तुम्ही काय करता ते मला कळत नाही असं समजू नका."

त्यांनी दोरी सोडली. "काय करतो मी?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

त्यांनी झाकण उघडलं, लावलं, होडी काठाला नेली, पाट्या उतरवून दिल्या. दुसऱ्या सकाळी आलेच नाहीत.

फुलं तर तोडून ठेवलेली. ह्यांची दुपारची पाळी होती, म्हणून हेच होडी घेऊन निघाले. मी या वेळी मागे, मशीनजवळ बसले. मधोमध आल्यावर ते धापा टाकायला लागलं आणि थांबलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. आता होडीत भाऊजी नव्हते.

मी झाकण फिरवलं. आतून 'फस्स' आवाज आला, टाकीने हवा ओढून घेतल्यासारखा. दोरी ओढली, मशीन सुरू. झाकणावर मधोमध एक बारीक स्क्रू होता. हे त्याच्याकडे बघून म्हणाले, "हा तर सैल असायचा. कुणी आवळला?"

मीच आवळला होता, पकडीने, जोर लावून. भाद्रपदात एका व्यापाऱ्याने माझी शेवंती बाजूला काढली होती, फुलांना पेट्रोलचा वास येतो म्हणून. मशीन रात्री पडवीत पाट्यांशेजारीच ठेवायचो आणि आडवं ठेवलं की त्या स्क्रूतून पेट्रोल झिरपायचं. ती गळती मी बंद केली होती. टाकीला श्वास घ्यायला तेवढीच जागा होती, हे ना मला माहीत, ना भाऊजींना. ते झाकण उघडायचे तेव्हा हवा आत जायची, एवढंच.

बाजारातून परतल्यावर मी एकटीच त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर शेवंतीच्या फुलांतल्या काड्या निवडत होते. मी सगळं सांगितलं, स्क्रूसकट.

हातातली काडी बाजूला टाकत ते म्हणाले, "मला वाटायचं तुम्हीच कायतरी टाकता टाकीत."

"मी? कशासाठी?"

"दादाला होडी विकून टेम्पो घ्यायचाय म्हणून. कागदावर थेंब टाकताना पाहिलं होतं मी तुम्हाला. म्हटलं, कसला तरी प्रयोग चाललाय."

जाऊबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी चहा ठेवला नाही. मीही थांबले नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊजी आले. पुढे चार-पाच वर्षं, आमच्या दोन्ही घरांनी मिळून खरोखरच टेम्पो घेईपर्यंत, तेच होडी चालवायचे. पण त्या सकाळपासून त्यांनी एक नवीन पद्धत पाडली. टाकी भरायची वेळ झाली की ते कॅन खाली ठेवायचे आणि मला हाक मारायचे. मी भाकरी तव्यावर सोडून येईपर्यंत हात बांधून उभे राहायचे. मी समोर आले की मगच बूच उघडायचे. "भाऊजी, कशाला हो हे," मी कितीदा म्हटलं असेल. ते मान खाली घालून म्हणायचे, "असू द्या वहिनी. बघा तुम्ही." आणि मी बघत उभी राहायची.