सातव्या रिळातला भिक्खू

सातवं रीळ सुरू झालं आणि पडद्यावरचा भिक्खू चिनी बोलायला लागला.

आधीची सहा रिळं तो हिंदीत बोलत होता. हाँगकाँगचं कराटेचं पिक्चर, हिंदीत डब केलेलं. शुक्रवार, बाराचा शो, पिक्चरचा पहिलाच दिवस. उल्हासनगर कॅम्प चारमधलं आमचं थिएटर हाउसफुल्ल. इंटरव्हल नुकतंच संपलेलं. मी केबिनमध्ये.

मी तिथे ऑपरेटर होतो, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. तेव्हा पिक्चर डब्यांतून यायचं. एक रीळ साधारण दहा मिनिटांचं. मशीन दोन. एकावरचं रीळ संपलं की त्याच क्षणी दुसरं सुरू करायचं, पब्लिकला सांधा कळू द्यायचा नाही.

रिळं आली की मी ती हातानं गुंडाळून तपासायचो. कुठे फाटलंय का, जोड सुटलाय का. त्या दिवशीही तपासली होती. पण आवाज फिल्मच्या कडेला नागमोडी रेघेसारखा छापलेला असतो. रेघ बघून भाषा कळत नाही. डब्यावर हिंदी लिहिलं होतं, मी विश्वास ठेवला.

पिक्चर असं होतं. मोठ्या शहरात उंच इमारतींच्या मध्ये एक जुना विहार. बिल्डरला ती जागा हवी. विहारात एक म्हातारा भिक्खू आणि त्याच्याकडे आलेला तरुण टॅक्सीवाला. सातव्या रिळात भिक्खू त्याला आपली विद्या देतो आणि स्वतःच्या तळहातातून आग काढून दाखवतो. पोस्टरवर हीच आग होती. पब्लिक आलं होतं ते तिच्यासाठी.

खाली शिट्ट्या सुरू झाल्या. मग खुर्च्या आपटायला लागल्या. आमचे मॅनेजर सावंत धापा टाकत वर आले.

"काय लावलंयस हे?"

"सातवंच आहे साहेब. चिनी आलंय."

"काढ ते. आठवं लाव."

"चढवायला दोन-तीन मिनिटं लागतील. तोवर हे बंद केलं तर पडदा पांढरा. आणि आग याच रिळात आहे."

आदल्या वर्षी पिक्चर मधेच बंद पडलं होतं तेव्हा पब्लिकनं ब्लेडनं सीटा फाडल्या होत्या, आणि बाहेर पडताना एकाचा हात मोडला होता.

तेवढ्यात गायकवाड वर आले. बाल्कनीच्या दरवाजावर तिकिटं फाडायचं काम त्यांचं. पन्नाशीचे, बदलापूरला बेलवलीत राहायचे. तिथल्या विहारात कार्यक्रम असला की माइक त्यांच्याकडे. आवाज खणखणीत. या पिक्चरवर ते सकाळपासून नाराज होते. शोकेसमधले फोटो बघून मला म्हणाले होते, "भिक्खूच्या हातातून जाळ? आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही. हे काय दाखवतात?"

आता म्हणाले, "लोक उठायला लागलेत. मी एकटा किती आवरू?"

केबिनमध्ये अनाउन्समेंटचा माइक असायचा. मी तो त्यांच्या हातात दिला.

"गायकवाड, हा म्हातारा बोलेल तसं तुम्ही हिंदीत बोला."

"मला चिनी येतं काय?"

"इथे कुणाला येतं? ओठ हलले की बोलायचं."

"म्हणजे मनचं सांगू? भिक्खूच्या तोंडून?"

"तुम्हाला जे बरोबर वाटतं ते सांगा. पण लवकर."

सावंत दारातच उभे. हो नाही आणि नाही पण नाही.

गायकवाड केबिनच्या भोकाला डोळा लावून उभे राहिले. मी एका हातानं आवाजाचं बटण धरलं. भिक्खू बोलला की पिक्चरचा आवाज खाली, मारामारी आली की वर. दुसरा हात कार्बनवर. त्या मशीनचा उजेड दोन कार्बनच्या कांड्या जाळून मिळायचा, त्यांच्यातलं अंतर सारखं सांभाळावं लागे.

पहिल्या वाक्याला गायकवाडांचा आवाज कापला. "बेटा, तू इधर क्यों आया?" खाली एकदम हशा. मग टॅक्सीवाला काहीतरी बोलला. तो भागही गायकवाडांनीच उचलला, थोडा बारीक आवाज काढून. पुन्हा हशा. पण शिट्ट्या थांबल्या होत्या.

मग त्यांना सूर सापडला. "मारना सीखने आया है, तो वापस जा. खड़ा रहना सीखने आया है, तो बैठ." हशा विरला. "तेरे बाप को किसी ने पानी नहीं दिया, तो गुस्सा आएगा. गुस्से को नौकर रख. मालिक मत बना." पडद्यावर टॅक्सीवाल्याच्या बापाचा कुठे पत्ताही नव्हता. कुणी विचारलं नाही.

आणि मग ती आग आली. म्हाताऱ्यानं तळहात पुढे केला, सोनेरी ज्वाळा निघाली, त्याचे ओठ हलू लागले. मी आवाज खाली केला. गायकवाड गप्प. मी बघितलं तर त्यांनी माइक तोंडापासून लांब नेला होता. दोन सेकंद, तीन. एवढं भरलेलं थिएटर मी इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी माइक जवळ घेतला. "ये जादू नहीं है. ये बारह साल की मेहनत है. जादू बोलके कोई बेचे, तो मत लेना."

बाल्कनीतून टाळ्या पडल्या, मग खालून. मी आवाज वर केला आणि मारामारी सुरू झाली.

आठवं रीळ हिंदीत होतं. शो सुरळीत संपला.

पुढच्या शोंना आम्ही सातवं रीळ गाळूनच चालवलं. शनिवारी सकाळी डिस्ट्रिब्यूटरचा माणूस बरोबर रीळ घेऊन आला. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. मालकांच्या ऑफिसात तो तापला. "सेन्सॉरनं पास केलेल्या पिक्चरमध्ये बाहेरचा आवाज? थिएटरचं लायसन्स जाईल. कोण तो माणूस? काढा त्याला."

सावंत म्हणाले, "गायकवाड परस्पर वर गेला."

मी म्हणालो, "माइक मी दिला. सावंतसाहेब तिथेच होते."

आमचे मालक सिंधी, सगळे त्यांना साईं म्हणत. त्यांनी सावंतांकडे बघितलं, मग त्या माणसाला विचारलं, "डिब्बे पे हिंदी किसने लिखा?"

तो चहा पिऊन गेला. लायसन्स राहिलं, गायकवाड राहिले. सावंत महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

खऱ्या सातव्या रिळात भिक्खू एक मंत्र देत होता. तो म्हटला की शत्रू भस्म. शनिवारी एक गिऱ्हाईक मित्रांना घेऊन दुसऱ्यांदा आलं आणि इंटरव्हलनंतर बाहेर येऊन भांडायला लागलं, "कल वाला बाबा किधर गया?" गायकवाड म्हणाले, "छुट्टी पे."

मी त्यांना विचारलं, आगीच्या वेळी एवढा वेळ का थांबलात?

"त्या जाळावर बोलायचंच नव्हतं," ते म्हणाले. "पण तू त्याचा आवाज खाली केला होतास, म्हणजे भिक्खू मीच. आता मी गप्प राहिलो असतो तर लोकांनी ती आग खरी मानली असती."

त्यानंतर डब केलेल्या प्रत्येक पिक्चरचं प्रत्येक रीळ मी पहिल्या शोआधी मिनिटभर लावून ऐकायचो. सावंत म्हणायचे, कार्बन फुकट जळतो. जळायचाच. पुढच्या काही वर्षांत मला त्यात एक तमिळ रीळ सापडलं, आणि एक पूर्ण मुकं.