चिंचेखालचा बॉयलर

मी पुसेगाव सोडलं तेव्हा शेतात हळद शिजत होती. चिंचेखाली बॉयलर पेटलेला, त्यामुळे बाबांना एसटीपर्यंत येता आलं नाही. "जाय बराबर," एवढंच म्हणाले आणि बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेकडे वळले. ऐन हंगामात त्यांना एकटं टाकून निघालो, ही बोच पुण्यापर्यंत सोबत आली.

पुण्यात एका कारखान्यात बॉयलरवरच हेल्पर म्हणून लागलो. पुढे साहेबांनी सांगितलं, अटेंडंटची परीक्षा पास व्हा, नाहीतर ही जागा दुसऱ्याला जाईल. बायको-लेकरं इथे आणली होती. परत कोणत्या तोंडाने जाणार?

आमच्याकडे अभ्यास म्हणजे मोठ्याने वाचणं. लहानपणी जरा गप्प झालो की ओसरीवरून बाबा विचारायचे, "काहून रे, झोपला का?" म्हणून चाळिशीतही मी तसाच पाठ करायला बसलो. तोंड चालायचं, डोक्यात काही उतरायचं नाही. शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, "तुमचे मिस्टर रोज कसली पोथी वाचतात?" तोंडी परीक्षेत नापास झालो. आपण मुळातच ढ, अशी खात्री पटली.

बायको म्हणाली, "गावच्या बॉयलरचं समदं ठावं हाय तुमाला. ते कुठं पाठ केलं व्हतं?"

ते पाहिलं होतं. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी आमचं शेत काढलं आणि कारखान्याचा बॉयलर चिंचेखाली उभा केला. पाणी निळं, वाफ लाल. एक व्हॉल्व्ह धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, एक गोठ्याच्या दाराशी. चित्र झाकून कोऱ्या कागदावर पुन्हा काढायचं, हात अडेल तेवढंच पुस्तकात बघायचं. गावी राहिलेले असोत की माझ्यासारखे निघून आलेले, ज्यांच्या ऐकून ध्यानात राहत नाही त्यांनी हे करून बघावं. वय आड येत नाही.

त्याच दिवसांत बाबा पुण्याला आले. भिंतीवर लावलेल्या चित्राकडे बघून हसले, "म्हातारपणी पोरगं चित्रं काढून राहिलं." मग जवळ गेले. "हे तर आपलं वावर हाय. अन् मी कुठं हाय?"

मी त्यांना काढलंच नव्हतं. वर बघवेना. कुठे काढू, असं हळूच विचारलं.

"काचेपाशी. अजून कुठं?"

पुन्हा परीक्षेला बसलो. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न केला, ड्यूटीवर आल्यावर आधी काय कराल? डोळ्यांसमोर काचेपाशी बाबा उभे होते. "पाणी बघीन," मी म्हणालो आणि काच कशी तपासायची ते बोटाने हवेत काढून दाखवलं. पुढचं सगळं आपोआप दिसत गेलं.

पास झाल्याचं फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "मंग आता गप बसून वाचलं तरी चालंल."

आता ती बोच उरली नाही. सकाळी कारखान्यात शिरतो तो चित्रातल्या चिंचेखालूनच, आणि बाबांच्या शेजारी उभा राहून आधी पाणी बघतो.