दोन रुपयांचं पितळी टोकन

दोन रुपये सुटे नाहीत म्हणून दुकानदाराने हातावर गोळी ठेवली, तेव्हा तुम्ही कधी भांडलात का? मीही नाही. कर्वेनगरातल्या आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यांना मात्र अशी गोळी देण्याची लाज वाटली. खडकीच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर लेथ चालवलेलं. सुट्ट्या पैशांऐवजी द्यायला त्यांनी पितळेची टोकनं घडवली. दोन रुपयांच्या टोकनाला बारा रुपयांचं पितळ लागायचं. परत आलेलं टोकन झिजलंय का, ते व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजून बघायचे. पण परत येतं कुठलं? लोकांनी ती किल्ल्यांच्या जुडग्यांना लटकवली, शोकेसमध्ये मांडली.

“काका, मोबाईलवर पैसे घ्या, नाहीतर पुठ्ठ्याची टोकनं करा की,” मी म्हणाले.

पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया त्यांनी जराही हलवल्या नाहीत. “किमतीपेक्षा हलकं नाणं पाडायला मी काय सरकार आहे?”

परवा नवीन पितळ आणायला त्यांनी दोनपैकी एक चक्की विकली. प्रामाणिक माणसाला बुडवायला चोर लागत नाहीत, हौशी गिऱ्हाईकं पुरतात. तेव्हा तुमच्या घरात त्यांचं एखादं टोकन असेल, तर दुसरी चक्की जायच्या आत ते देऊन दळण दळून आणा.