शेवटची चढाई आणि माझा डावा कोपरा

कबड्डीत डावा कोपरा सांभाळणाऱ्या मुलीला भांडता यायलाच पाहिजे असं काही नाही, पण मला दोन्ही येतं. कॉलेजात मी आमच्या संघाचा डावा कोपरा होते. समोरची चढाईला आली की अगदी कडेला, ओणवी होऊन, तिच्या पायांवर डोळा ठेवून उभी असायची ती मी. घोटा हाताशी आला की धरायचा आणि मेलं तरी सोडायचा नाही. राज्यस्तरीय महाविद्यालयीन स्पर्धेचा चषक आम्ही जिंकला, तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला होता. त्यात माझा अर्धाच चेहरा दिसतो, तरी आईने तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. आज मी म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि गुडघ्याला पट्टा बांधून जिने चढते. पण मान ताठ आहे ती त्या चषकामुळे, आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

गंमत अशी, की त्याच अंतिम सामन्यात आमच्यावर शेवटची चढाई करणारी मुलगी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, दोन स्टेशनं पलीकडे राहते. ती मुंबईच्या संघातली, आमचं कॉलेज पुण्याचं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तू डावा कोपरा ना? त्या घाबरट संघाचा?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट हेच! मी म्हटलं, "हो, आणि तू ती रिकाम्या हाताने परत गेलेली." तिथून आमची मैत्री झाली. मैत्री म्हणजे काय, दर भेटीला भांडण. तिच्या घरी पुरणपोळी असली की पहिला फोन मला, आणि पोळी ताटात पडायच्या आत विषय तोच, शेवटची चढाई.

ती चढाई अशी होती. सामना संपत आलेला. आम्ही एका गुणाने पुढे. आमच्या पाचच जणी मैदानात उरलेल्या, त्यामुळे तिला बोनसचा गुण मिळणार नव्हता. आमच्यापैकी एकीला तरी शिवून परत गेली तर बरोबरी, दोघींना शिवलं तर चषक त्यांचा. आणि कुणालाच शिवता आलं नाही, तर आम्ही जिंकलो. तेव्हा घड्याळबिड्याळ नसायचं, दम टिकेल तोवर चढाई. आमचे कोच सर बाहेरून एवढंच म्हणाले, "मागे व्हा. पकड करायची नाही. तिचा दम संपू दे." आम्ही पाचही जणी मागच्या रेषेला टाचा टेकून उभ्या राहिलो. ती आली, इकडे गेली, तिकडे गेली, माझ्या कोपऱ्यात पाय टाकला. तिचा घोटा माझ्या हातापासून वीतभर होता. मी हात आवरला. तिचा दम संपत आला आणि ती तशीच परत गेली. प्रेक्षकांनी आमच्या नावाने हुर्यो केली, आणि आम्ही चषक घेतला.

ह्यावर मंडळात दोन तट पडलेले. माझा नवरा, जो आयुष्यात कधी मैदानात उतरला नाही, तो तज्ज्ञासारखा बोलतो. "बचाव हाच खरा खेळ. चढाई काय, कुणीही करतं." तिचा नवरा म्हणतो, "अहो, मागच्या रेषेवर उभं राहून चषक घ्यायचा तर मग सात माणसं कशाला, सात खांब रोवा." म्युनिकला डॉक्टरेट करणारा एक मुलगा आहे, तो सगळ्या जुन्या विजेत्या संघांची तुलना करतो. कुठल्या संघाचे कोपरे चांगले, कुणाची साखळी भक्कम, कोण हातात हात घालून उभं राहायचं आणि कोण सुटं. ही चर्चा तासभर चालते, आणि शेवटी सगळे आम्हा दोघींकडे बघतात.

ती म्हणते, "घाबरलात तुम्ही."

मी म्हणते, "सरांचा हुकूम होता. नाहीतर तुझा घोटा माझ्या हातात होता. धरली असती तुला आणि तिथेच बसवली असती."

"नाचता येईना अंगण वाकडं!"

"जा गं!"

वीसेक वर्षं झाली असतील त्या सामन्याला, पण हे वाक्य मी म्हणत राहिले. धरली असती. सरांनी सोडायला लावली. खरं सांगायचं तर चषकापेक्षा मला ह्या वाक्याचा अभिमान जास्त होता. चषक सगळ्यांचा होता. घोटा फक्त माझा.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, की सर इकडे जर्मनीतच, झिंडेलफिंगेनला मुलाकडे आले आहेत. मुलगा तिथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. मला असा काही आनंद झाला! एक म्हणजे सर भेटणार. आणि दुसरं, आता एक घाव दोन तुकडे. मी फोन केला आणि मुलाला म्हटलं, "अहो, शनिवारी आमचं मंडळाचं ग्रिलफेस्ट आहे तळ्याकाठी. सरांना घेऊन याच." सरांना मी साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, हे मात्र सांगितलं नाही. मुंबईकरणीला फोन करून मात्र सांगितलं. म्हटलं, "ये शनिवारी. तुझा निकाल लावते."

"येते ना, बघू," ती म्हणाली. पण आवाज तिचा नेहमीसारखा चढला नाही.

शनिवारी सर आले. केस पांढरे झालेले, हातात काठी, पण पाठ तशीच सरळ. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "गुडघा दुखतोय ना? वाकू नकोस." अजून चालीवरून ओळखतात! माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला मी पुढे केलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते. तिनेही चक्क वाकून नमस्कार केला. सरांना सावलीत खुर्ची दिली, पनीर दिलं, कणीस दिलं, आणि हात पुसायच्या आत मी विषय काढला.

"सर, एकदा सांगूनच टाका सगळ्यांना. ही ती मुंबईची. तुम्ही मागे व्हा म्हणालात म्हणून मी हिला सोडली. नाहीतर धरली असती, हो की नाही?"

सगळे ग्रिल सोडून जमा झाले. माझा नवरा चिमटा हातात घेऊनच आला. मुंबईकरीण समोरच्या बाकावर बसली होती, हाताची घडी घालून. सरांनी तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग टेबलावरच्या ॲप्फेलशोर्लेच्या, म्हणजे सफरचंदाच्या सोड्याच्या, रिकाम्या बाटल्या घेतल्या आणि पाच बाटल्या ओळीत उभ्या केल्या.

"ह्या पाच तुम्ही," ते म्हणाले. कडेची बाटली बोटाने जरा पुढे सरकवली. "ही तू. आणि हा तिचा पाय." त्यांनी चमचा बाटलीजवळ ठेवला. "घोटा तुझ्या हाताशी होता, हे अगदी खरं."

मी मुंबईकरणीकडे असा काही कटाक्ष टाकला की विचारू नका.

"पण तो चुकून आला नव्हता," सर म्हणाले. "तिनेच तो तिथे ठेवला होता. मी तिची उपांत्य फेरी बघितली होती, त्याच्या आधीचे सामनेही बघितले होते. कोपऱ्यापुढे पाय टाकायचा, कोपऱ्याने धरला की अंगाला एक हिसडा द्यायचा, आणि धरणारीला घेऊन सरळ मध्यरेषेपर्यंत. मदतीला ज्या येतील त्याही त्या धरणारीबरोबर बाद. त्या वर्षी तिला कोणीच थांबवू शकलं नव्हतं. आमच्यात कुणात तेवढी ताकद नव्हती. तुझ्यातही नव्हती, पोरी. तू धरली नसतीस. म्हणून म्हटलं, मागे व्हा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साक्षीदार मी आणला, भाडं सोडलं तर बाकी सगळं मीच केलं, आणि साक्ष अशी! माझा चेहरा तापला. डॉक्टरेटवाला मुलगा हळूच म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे बरोबर. त्याला मी तिथेच चिमट्याने भाजला असता.

पण मुंबईकरीण हसली नाही. मला वाटलं होतं, आता ही मंडळभर नाचणार. ती नुसती चमच्याकडे बघत होती.

"आमिषच होतं ते," ती म्हणाली. "बरोबर आहे सरांचं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. "मी अशी फुशारकी मारत होते, तेव्हा गप्प का बसलीस?"

"काय सांगू? मी गळ टाकला आणि एकही मासा आला नाही, हे सांगत सुटू?" तिचा आवाज एकदम फाटला. "आमचे कोच मला म्हणाले होते, रिकामी आलीस. एवढंच म्हणाले. शेवटच्या चढाईत रिकामी आलीस. त्यानंतर मी मैदानात उतरलेच नाही. मला वाटायचं, अजून एक पाऊल आत टाकलं असतं तर! अजून थोडा दम धरला असता तर! तुला घाबरट म्हणायचे ना, ते म्हणून मला जरा बरं वाटायचं. बाकी काय?"

इतकी वर्षं जिच्याशी भांडले, तिने तेव्हाच खेळ सोडला होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्यात भांडणच एवढं रंगायचं.

सरांनी काठी बाजूला ठेवली. "बाळ, ऐक," ते तिला म्हणाले. "मी आयुष्यभर बचाव शिकवला. माझे संघ कुणापुढे मागे सरकत नसत. साखळी धरून पुढे जायच्या माझ्या पोरी. त्या एका चढाईला मी पाचही जणींना शेवटच्या रेषेला टेकवलं. दुसऱ्या कुठल्याही खेळाडूसाठी मी तसं केलं नाही, त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही. तू रिकामी कुठे आलीस? तू आमचं सगळं मैदान घेतलं होतंस."

ग्रिलवर काहीतरी करपत होतं आणि माझ्या नवऱ्याला त्याचं भान नव्हतं. मुंबईकरीण दोन्ही तळव्यांनी डोळे पुसत होती, लहान मुलीसारखी, आणि पुसता पुसता हसत होती. "एवढं आधी कळवायचं नाही का, सर? पोस्टकार्ड तरी टाकायचं," ती म्हणाली, आणि सगळेच हसले.

मी तिथे उभी. आता माझ्या मनात काय चाललं होतं, ते खरंच सांगते. आधी राग आला. माझा घोटा माझ्या हातातून गेला होता. मग मला ती रेष आठवली. टाचा रेषेवर, पुढे ही अशी वाघीण, मागे इंचभर जागा नाही, प्रेक्षक "पकड, पकड" म्हणून ओरडताहेत, हातापुढे घोटा नाचतोय, आणि आम्ही पाच पोरी जागच्या हललो नाही. एकीचाही हात पुढे गेला नाही. ज्यांनी ज्यांनी तिला धरायला हात घातला, त्या सगळ्या हरल्या होत्या. आम्ही घातला नाही. माझी छाती पुन्हा फुगली, आणि ह्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त.

माझी लेक इतका वेळ टेबलाच्या टोकाला उभी होती. तिने मला जर्मनमध्ये विचारलं, "म्हणजे, ममा, तुला तिला धरता आलंच नसतं?"

मी काही बोलायच्या आत मुंबईकरणीने चपला काढल्या. ओढणी कमरेला घट्ट बांधली. "चल गं," ती मला म्हणाली. "पोरीला तोंडाने काय सांगतेस? ऊठ."

"अगं, गुडघा..."

"माझेही दोन्ही गेलेत. ऊठ!"

तळ्याकाठच्या गवतावर डॉक्टरेटवाल्याने जॅकेटं टाकून रेषा आखल्या. सर खुर्चीतून उठले आणि बाहेर कडेला जाऊन उभे राहिले, पूर्वी उभे राहायचे तसेच. मी माझ्या कोपऱ्यात ओणवी झाले. बाजूच्या चटईवरचं जर्मन कुटुंब पुस्तकं मिटून बघायला लागलं. ती आली. वजन वाढलेलं, श्वास लागलेला, पण तोंडात "कबड्डी कबड्डी कबड्डी" असं खणखणीत, की माझ्या अंगावर काटा आला. इकडे गेली, तिकडे गेली, आणि माझ्यापुढे पाय टाकला.

मी सरांकडे बघितलं.

"धर!" सर ओरडले.

मी झेपावले. दोन्ही हातांनी घोटा धरला, अंगातलं होतं नव्हतं ते सगळं लावलं, मेले तरी सोडणार नव्हते. तिने एक हिसडा दिला. मग मला फक्त गवत दिसलं, गवत आणि गवत, आणि मी त्यावरून सरकत चालले होते. माझं पूर्ण वजन पायाला लटकवून ती गेली आणि जॅकेटांच्या रेषेपलीकडे पालथी पडली, दम न सोडता. टाळ्या, शिट्ट्या. जर्मन आजोबासुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी उताणी झाले. कोपर सोलवटलं होतं, कुडत्याची वाट लागली होती. घोटा अजून माझ्या हातातच होता. लेक माझ्यावर वाकून बघत होती.

"नाही," मी तिला म्हटलं. "नसतं धरता आलं. हिला कुण्णालाच नसतं धरता आलं."