यमी जहाजावर चढली

भोरच्या पुस्तकांच्या दुकानातून दत्तूभाऊंचा फोन आला, तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, "आली का पुस्तकं?" मंगलच्या नव्या कादंबरीचा गठ्ठा त्या दिवशी यायचा होता. "आली," ते म्हणाले. "आली, पण... मंगलताई गेल्या हो. शाळेत निघाल्या आन् दारातच कोसळल्या." त्याला आता काही आठवडे झाले. रडू येतंच, पण मंगलची आठवण निघाली की रडण्याआधी अंगात काहीतरी उसळतं, कुठंतरी निघायची घाई झाल्यासारखं. ती होतीच तशी.

मंगल भोंगवलीच्या शेतकरी घरातली, भोरला शाळेत शिकवायची. मीही भोरचीच. आम्ही दोघी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी कादंबऱ्या लिहायचो, आणि दोन वर्षांपूर्वी दोघींची पुस्तकं एकाच महिन्यात बाहेर आली. प्रकाशक म्हणाले, दुकानांतून फिरा, वाचून दाखवा, सह्या द्या. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात आमच्यासाठी खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. आले कोण, तर माझी मावसबहीण, मंगलचे यजमान आणि एसीच्या गारव्याला टेकलेले एक आजोबा. शेवटी आजोबांनीच विचारलं, "तुमची नायिका 'म्या' आणि 'न्हाई' बोलते. मुलांची भाषा बिघडणार नाही का?" मंगल हसली. "बिघडंल की आजोबा. माझी तरी कुठं नीट हाय?" पण परतीच्या एसटीत, कात्रजचा घाट मागं पडल्यावर म्हणाली, "बास. हे शेवटचं पुस्तक. आपुन लिव्हतोय कुणासाठी गं?" तिला इतकं विझलेलं मी कधी पाहिलं नव्हतं...

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला जायचं होतं. ती निघायलाच तयार नव्हती. मी अक्षरशः ओढून नेलं. कार्यक्रम होता ते दुकान म्हणजे वह्या, कंपासपेट्या, छत्र्या आणि एका फळीवर पुस्तकं. पोचलो तर पायरीपाशी चपलांचा ढीग! शाळेनं मंगलच्या कादंबरीची एक प्रत घेतली होती आणि ती पोरींच्या हातांतून फिरून फिरून पार खिळखिळी झाली होती. मंगलनं वाचायला घेतलं. डोंगरातल्या वाडीतली सोळा वर्षांची यमी, तिला जहाजावर काम करायचंय. एके दिवशी ती घाट उतरून कोकणात जाते, बंदरावर पोचते, जहाज डोळ्यांसमोर उभं असतं, आणि ती घरी परतते. वाचन संपलं तशी एक उंच पोरगी उभी राहिली.

"मॅडम, म्या दोनदा वाचली. पन येक इचारू? येवडी बंदरापतूर गेली, तर मागं का फिरली?"

"आई आठवली तिला," मंगल म्हणाली.

"आई आमालाबी आठवंल. म्हनून मागं फिरायचं व्हय?"

झालं! दुकानात रणच माजलं. "मग घरी कोन बघनार?" "भाऊ हाय की तिचा!" "त्यो काय करतोय, निस्ता मोबाईल घिऊन बसतोय!" निम्म्या पोरी एकीकडं, निम्म्या दुसरीकडं. दुकानदार गिऱ्हाईक सोडून मधे पडले, "पोरींनो, जहाजावर बायका घेत्यात का, ते तरी आदी इचारा!" त्यावर दोन्ही बाजू मिळून त्यांच्यावरच तुटून पडल्या. मंगल स्टुलावर चढली होती, चेहरा लालबुंद, पदर खोचलेला. "एकेकीनं बोला गं, एकेकीनं!" आणि जरा शांत झाल्यावर म्हणाली, "खरं सांगू का? मलाबी ती जावी असंच वाटत व्हतं. म्याच भ्याले."

परतताना गाडी सुटते न सुटते तोच तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. "ऐक! यमी पुन्यांदा निघती..." आणि ती सांगतच सुटली. पुढच्या बाकावरच्या बायका मागं वळून बसल्या. मार्गासनीला उतरायची एक आजी ऐकता ऐकता पुढच्या थांब्यावर जाऊन उतरली, तेही कुरकुरत! शेवटचं पुस्तक वगैरे ती पार विसरून गेली होती. तीच ही नवी कादंबरी. छापून आलेली तिनं पाहिलीच नाही...

गेल्या आठवड्यात तो गठ्ठा घेऊन मी एकटीच वेल्ह्याला गेले. शोकसभा होईल अशी मला धास्ती होती. पण मी वाचायला लागले, यमीनं जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला, आणि कुणीतरी चक्क शिट्टी मारली. मग टाळ्या, आरडाओरडा! त्या गलक्यातून एक नवीच, लहानशी मुलगी पुस्तक उंच धरून पुढं आली. "मॅडम कुठं हायत? सही पायजे."

मीच सांगितलं तिला. तिनं पुस्तक छातीशी धरलं. मग हळूच म्हणाली, "मंग यमीचं पुढं काय? जहाज तर आत्ता सुटलंय."

मंगल गेली त्याच्या चार-पाच दिवस आधी ती मला भोरच्या स्टँडवर भेटली होती. हातात चहा, डोळे चमकत होते. "पुढचं सुचलंय," असं म्हणून तिनं तिथंच, उभ्याउभ्या, सगळं सांगितलं होतं. तिची गाडी निघून गेली तरी ती सांगायची थांबली नव्हती. त्यातला एक शब्दही कागदावर नाही.

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"वादळ येतं," मी म्हणाले.

"पयल्याच दिशी?"

"पहिल्याच दिवशी!"

पोरी चपला तुडवत पुढं सरकल्या.